देवाच्या जागेतला कचरा

आमच्या घरात कोणी स्वस्थ बसलेलं मला आठवत नाही. बसायला जागा नव्हती असं नाही. पडवीत चांगला लांबलचक बाक होता, पण त्यावर माणसांऐवजी खाज्याचे डबे बसायचे. आम्ही खाजेवाले. मालवणी खाजा म्हणजे काय हे आता जत्रेचं तोंड न पाहिलेल्यांनाही कळतं, कारण तो प्लास्टिकच्या पिशवीतून बंदरावर विकतात, तरी सांगते. बेसनाच्या बोटाएवढ्या जाड कांड्या तळायच्या, गुळाचा पाक करायचा, त्यात आलं किसून घालायचं, आणि पाक नेमका वेळेवर आला की कांड्या त्यात घोळवायच्या. सगळी मेख त्या वेळेत. जरा आधी घातल्या तर खाजा दातांना चिकटतो, जरा उशीर झाला तर गूळ वाळूसारखा सुटतो. "पाक कोणाक थांबना नाय," असं आई म्हणायची, आणि घरात दुसऱ्या कोणालाही थांबू द्यायची नाही. कढईच्या कडेवर झारा आपटल्याचा खणखणाट, आणि त्याच्यावर आईचा आवाज. कुंदा, गूळ फोड. कुंदा, आलं किसलंस काय? कुंदा, दारात कोण इला बघ. सकाळची पेजसुद्धा मी कधी बसून जेवले नाही. उभ्या उभ्या वाडगा तोंडाला लावायचा, कैरीची फोड चोखायची आणि पळायचं. आज साठी उलटून गेली तरी मला बसून चहा पिता येत नाही, सून हसते.

वडिलांना आम्ही भाई म्हणायचो आणि सगळी वाडीही भाईच म्हणायची. आईची जीभ चालायची तसे भाईंचे पाय चालायचे. जेवायला पाटावर बसले तरी एक गुडघा हलतच असायचा, इतका की शेजारच्या पाण्याच्या तांब्यात लाटा उठायच्या. "शिरा पडो त्या पायार," आई म्हणायची, "जेवताना तरी गप रव." भाई हसायचे आणि दुसरा पाय हलवायला घ्यायचे. जत्रांचा मोसम सुरू झाला की डबे घेऊन एसटीने गावोगाव जायचे, मोसम संपला की कट्टा गावच्या बाजारात बसायचे. बसायचे म्हणजे काय, दुकान मांडून त्याच्या भोवती फिरायचे.

मी त्या दोघांची एकुलती मुलगी, दोघांचाही गुण उचललेली. दहावीचं वर्ष होतं आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: मुंबई. वखारवाडीतून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या जागेची किळस यायची.

वखारवाडी मालवणच्या एका टोकाला, खाडीच्या काठी. शिडाची गलबतं यायची त्या काळात इथे मीठ, नारळ, गूळ उतरायचं, म्हणून चिऱ्याच्या मोठमोठ्या वखारी. माझ्या आठवणीत मात्र त्या वखारींतून उतरायचे ते फक्त नळे, म्हणजे छपराची मातीची कौलं. दुपारी सगळं गाव जेवून लवंडलं की कुठल्या तरी छपरावरून एक नळा घसरायचा आणि खाली फुटायचा. फाट्कन आवाज व्हायचा, कुत्रं भुंकायचं, आणि कोणीतरी पडल्या पडल्या म्हणायचं, "खयची वखार गो? थोरली की मधली?" एवढंच. उठून बघायला कोणी जायचं नाही. वखारींना मालक नव्हते असं थोडंच आहे! उलट मालकच इतके होते की विचारू नका. आज्याच्या नावावरची जागा, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, सगळे मुंबईत. इथे एखाद्याने स्वतःच्या पदरचा नळा बसवला तरी दुसऱ्याने विचारायचं, हा कोण मालक झाला? म्हणून कोणी बसवायचंच नाही. पडलं तर सगळ्यांचं पडू दे, पण एकट्याचं उभं राहायला नको, हा आमच्याकडचा न्याय.

आणि वखारींच्या मधोमध ती मोकळी जागा, जिला सगळे नुसतं "देवाची जागा" म्हणत. एका कडेला राखणदाराचं बुटकं देऊळ, मध्ये एक जुनी सुरंगी, बाकी घाणेरीचं रान. वाडीचा राखणदार तिथे राहतो, रात्रीचा हातात काठी घेऊन वाडीभोवती फिरतो, म्हणून त्या जागेतली काडीही तोडायची तर आधी देवाचा कौल घ्यायचा. कोणी कोयता घेऊन नुसतं जवळून गेलं तरी बायका ओरडायच्या. पण त्याच झाडाखाली माशांची खवलं, फुटकी मडकी, जुन्या गाद्यांचा कापूस, कोंबड्यांची पिसं टाकायला मात्र कोणाला विचारावं लागत नव्हतं. शिमग्याच्या सुमाराला सुरंगी फुलायची आणि वास असा सुटायचा की जीव वेडा व्हावा, त्या वासात खालच्या सडक्या बांगड्यांचा वास मिसळायचा. बायका नाकाला पदर लावून पहाटे कळ्या वेचायच्या, गजरे करून बाजारात न्यायच्या आणि येताना घरातली कचऱ्याची टोपली तिथेच रिकामी करायच्या. मी एकदा विचारलं होतं, देवाला वास येत नसेल का? आईने डोक्यात टपली मारली आणि स्वतःची टोपली रिकामी करून आली.

भाईंना ही गोष्ट खुपायला लागली ती वालावलच्या जत्रेतून आल्यावर. तिथे देवळाला लागून पाणी, माडांची सावली, माणसं संध्याकाळची नुसती बसलेली. भाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच माणसं बसलेली बघितली की काय, देव जाणे. डबे खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "गो, आपल्याकडे बसूक जागाच नाय."

"बाक आसा मा," आई म्हणाली.

"घरात नाय गो! वाडीत. म्हातारी माणसां खंय बसतली? पोरां खंय खेळतली? एवढी मोठी देवाची जागा, आणि आपण तिचो उकिरडो केलो."

"तुमी बसणारे ते! आधी पाय हलवूचो थांबवा."

त्या दिवसापासून घरात बेसन आणि गूळ सोडून तिसरा विषय आला. भाई घरोघर जायला लागले. घाणेरी काढू, कचरा खाडीत नको, ट्रॅक्टरने बाहेर घालवू, सुरंगीभोवती बसायला दगड लावू, आणि मधली वखार पडायच्या आत तिच्यावर पत्रे घालू. लोक ऐकायचे, चहा द्यायचे, "बरा सांगतास भाई" म्हणायचे, आणि भाई फाटकाबाहेर पडले की हसायचे. खाजेवाल्याच्या डोक्यात पाक चढला, असं बोलायचे. भाई मागे हटले नाहीत. ठेवणीतला सदरा घालून, रस्ताभर शुद्ध मराठी घोकत नगरपालिकेत गेले. मी सोबत होते. साहेबांसमोर उभं राहून म्हणाले, "साहेब, आपली परवानगी असेल तर आम्ही श्रमदान करण्यास तयार आहोत." साहेब भला माणूस होता. म्हणाला, "कल्पना उत्तम आहे हो. पण जागा देवाची. उद्या कोणी अंगावर आलं तर? तुम्ही तुमच्या देवाची संमती घ्या, दुसऱ्या दिवशी आमचा ट्रॅक्टर हजर." बाहेर आल्यावर भाईंनी सदऱ्याचं वरचं बटण उघडलं आणि मालवणीत म्हणाले, "म्हणजे परत तात्याच."

तात्या म्हणजे वाडीचे मानकरी. गाऱ्हाणं त्यांनी घालायचं, पहिला नारळ त्यांनी वाढवायचा, आणि कौल लावताना देवाच्या उजव्या अंगाला चौरंगावर त्यांनी बसायचं. ही त्यांच्या घराण्याची मानाची जागा. तिथे दुसरा कोणी चुकून टेकला तर ते घरी जायचे आणि मग त्यांना आणायला वाडीने जावं लागायचं. माणूस वाईट नव्हता. माझ्या तापात रात्रीचा डॉक्टर आणायला हाच माणूस धावला होता. पण थोरल्या वखारीत त्यांचाही हिस्सा होता आणि त्यांना भीती ही की जागा एकदा साफ झाली की सगळ्यांच्या डोळ्यात भरेल. रान आहे तोवर वखारीचा हिस्सा मागायला कोणी येणार नाही. "देवाची जागा देवाक बरी," एवढंच ते बोलायचे.

कौल कसा लावतात ते न बघितलेल्यांसाठी सांगते. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेल्या तांबड्या फुलांच्या कळ्या चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची आधी पडली तर नाही. आणि कुठलीच पडली नाही तर? तर बसायचं. देव बोलेपर्यंत बसायचं. आम्हा घरच्या तिघांना देवाला याहून मोठी शिक्षा देता आली नसती. पहिल्या वेळी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अख्खी वाडी बसली आणि कळ्या दोन्हीकडे जशाच्या तशा. तात्या म्हणाले, "देवाक बोलूचा नाय." दुसऱ्या वेळी तेच. ते देऊळ बंद पेटीसारखं, चिऱ्याच्या जाड भिंती, एकच दार, वारा म्हणून आत येत नसे. ओल्या कळ्या सुकणार कशा? पण असलं बोलायची सोय नव्हती. देवाच्या कामात सुकण्याचा संबंध कुठे?

इकडे घरात दुसरंच शिजत होतं. डोंबिवलीचा मामा आला होता. येताना त्याने आईला टेबल फॅन आणला, निळ्या पात्यांचा. आईने त्यावर झालर लावलेलं कापड शिवून घातलं आणि कढईपासून दूर माचोळीवर, म्हणजे लाकडी मांडणीवर, ठेवला. पंखा लावायचा तर एक नियम: त्याची मान फिरती ठेवायची. मागे मोटारीवर एक खुंटी असते, ती दाबली की मान फिरते, वर ओढली की एकाच जागी थांबते. मी हळूच ओढायची, सगळा वारा माझ्या एकटीच्या वाट्याला यावा म्हणून. आई लगेच यायची. "वारो सगळ्यांक लागाक होयो. तू काय मोठी मानकरीण?" आणि खुंटी खटकन दाबायची.

मामाने पंख्यासोबत एक बातमीही आणली होती. त्याच्या इमारतीत वॉचमनची जागा रिकामी होत होती, राहायला जिन्याखाली खोली. आईने ते धरलं. तसं "चला मुंबैक" हे तिचं रोजचंच होतं. चूल धुमसली, चला मुंबैक. गुळाची ढेप ओली निघाली, चला मुंबैक. वखारीचा नळा फुटला, देवाच्या जागेतून घाण वास आला, शेजारीण टाकून बोलली, मुंबैत ह्या असला काय नाय. पण आता मुंबईला पत्ता होता, खोली होती, नोकरी होती. भाई जास्तच फिरायला लागले. मी मात्र मनातल्या मनात सामान बांधून बसले होते. कॉलेज, लोकांची गर्दी, रस्त्यावर दिवे, मला न ओळखणारी माणसं. जिन्याखालची खोली? असेना का! मी जिन्यावर राहिले असते.

तिसऱ्यांदा कौल लावायचा ठरला तेव्हा भाईंनी तात्यांच्या अंगणात, चार माणसांसमोर सांगून टाकलं, "ह्या टायमाक देव 'नाय' म्हणालो, नायतर गप रवलो, तर मी समाजतंय की हयसर माझा काम नाय. कढई उचलतंय आणि मुंबैक जातंय." उचलली जीभ लावली टाळ्याला, पण भाई दिलेला शब्द मोडणारे नव्हते. तात्या चपापले असावेत, पण म्हणाले, "तुझी मर्जी." भाई घरी आले, आईला सांगितलं. आई पाकाकडे बघत होती. एवढंच म्हणाली, "बरा." त्या दिवशी तिचा पाक चुकला, सगळा गूळ सुटला. मला वाटलं, आनंदाने लक्ष उडालं असणार. मी स्वतः तर देवाला नवस बोलले: डावीकडची पाड, नाहीतर कुठलीच पाडू नकोस, मी डोंबिवलीहून तुला पेढे पाठवीन.

चैत्रातले दिवस, काहिली नुसती. देवळाच्या बंदिस्त सभामंडपात सगळी वाडी दाटीवाटीने बसलेली, पुरुष पुढे, बायका दाराशी. तात्या चौरंगावर, देवाच्या उजव्या अंगाला. गुरवाने कळ्या लावल्या. तात्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"तुझी जागा साफ करूक होयी असा ह्येंचा म्हणणा आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या मनात आसात तर उजवी दी. आणि तुझ्या मनात नसात, तर तसाय सांग म्हाराजा."

शेवटच्या त्या वाक्याला "व्हय" जरा हळू आलं. भाई पहिल्या रांगेत मांडी घालून, आणि दोन्ही गुडघे हलताहेत. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. माझी नजर डाव्या कळीवर. इकडे डोळ्यात घाम उतरतोय, पायाला मुंग्या आल्यात, कोणाचं तरी मूल रडतंय, त्याला त्याची आई तोंड दाबून बाहेर नेतेय. कळ्या हलायला तयार नाहीत. मला वाटत होतं ओरडावं, पाड रे बाबा एकदाची, कुठली पाडायची ती पाड! उन्हं देवळाच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तात्या लालबुंद झाले. पंचाने मान पुसली, पुन्हा पुसली, आणि म्हणाले, "अरे, वायच वारो घाला रे कोणतरी. जीव कासावीस झालो."

कोणी पंचा हलवला, कोणी टोपी. तोवर आई दारातून उठली होती. "थांबा हां तात्यानू, आमचो फॅन हाडतंय," म्हणाली आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. आमचं घर पलीकडेच. पंखा मी उचलला, वायरचा लांब बोर्ड तिने. देवळातल्या दिव्याच्या बटणाला बोर्ड जोडला, पंखा सभामंडपाच्या खांबाशी ठेवला. आईने तो स्वतः तात्यांकडे तोंड करून लावला, मागे हात घालून काहीतरी ठीक केलं, आणि बटण दाबलं. वारा थेट तात्यांच्या अंगावर. त्यांनी डोळे मिटले, "आ हा हा" केलं. माझ्या लक्षात आलं की पंख्याची मान फिरत नाही. मला वाटलं, आणताना दगडाला आपटला, बिघडला, आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. बाकीच्यांनाही थोडा वारा मिळावा म्हणून मी पुढे झाले तर आईने मनगट धरलं आणि खाली बसवलं. नंतरही तिने माझा हात सोडला नाही.

थोड्या वेळाने उजव्या खांद्यावरची कळी सुटली, पाषाणावरून घसरली आणि खाली पडली. आधी कोणाला खरंच वाटेना. मग गुरव ओरडला, "उजवो! उजवो कौल!" आणि जो गलका झाला! भाई उठून उभे राहिले, परत बसले, परत उठले. मी रडायला लागले. बाजूच्या बायकांना वाटलं बापाच्या आनंदाने रडते आहे. कसला आनंद! माझी मुंबई गेली होती.

मागून कोणीतरी बोललाच, "फॅनान पाडल्यान, देवान नाय." सगळ्यांचे डोळे तात्यांकडे. आता ते एक शब्द बोलले असते तर तो कौल मोडला असता. पण पंखा आला होता त्यांच्यासाठी, वारा मागितला होता त्यांनी, आणि तो घेत बसले होते तेच. तात्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि आवाज चढवून म्हणाले, "फॅन कोणाक इल्लो? माका. वारो कोणाच्या मानाक घातलो? माझ्या. मगे देवान माझ्याच हातान कौल दिल्यान ना? घाला नारळ!" पुढे मरेपर्यंत ते पाहुण्यांना सांगायचे की ही जागा माझ्यामुळे साफ झाली. भाईंनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

ट्रॅक्टर आला. पहिल्या दिवशी वाडीतली निम्मी माणसं नुसती बघायला आली, दुसऱ्या दिवशी लाजेने घमेली उचलायला लागली. वास असा की विचारू नका. आई पदर खोचून सगळ्यांत पुढे, तोंडाचा पट्टा चालूच, "ही मडकी कोणाची गो? माका ठावक आसा कोणाची!" बायका हसून हसून लोटपोट. खणत खणत सुरंगीच्या बुंध्याशी गेलो तर खाली चिऱ्याचा पार निघाला, चांगला गोल, बांधीव. हयात माणसांपैकी कोणी तो बघितला नव्हता. म्हणजे आमच्याही आधी इथे लोक संध्याकाळचे बसत होते, आणि मग त्यांच्या पोरा-नातवंडांनी त्यांच्या बसायच्या जागेवर इतका कचरा टाकला की पारच बुडाला. भाई गुडघ्यांवर बसून हाताने माती काढत होते. पार धुतल्यावर त्यावर आधी तात्यांना बसवलं, मग स्वतः टेकले. मी मुद्दाम बघितलं, त्यांचे पाय हलत नव्हते.

मधल्या वखारीवर पत्रे चढायला आणखी दोन पावसाळे गेले. तिचे मुंबईकर वारस भांडत, रुसत, शेवटी कंटाळून हो म्हणाले. तिथे आता वाडीतल्या बायका खाजा आणि कोकम विकतात. थोरली मात्र पडलीच, तिचे चिरे वाडीतल्या अर्ध्या कुंपणांत आहेत. देवाच्या जागेला अलीकडे नगरपालिकेने "उद्यान" अशी पाटी लावली, रंगीत फरशा बसवल्या, आणि पर्यटकांना फोटो काढायला एक लोखंडी हृदय उभं केलं. मी त्यावरून दोन-तीन वेळा भांडून आले. माझं कोण ऐकतं! पण सुरंगी आहे आणि खाली पार आहे. भाई शेवटपर्यंत रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसत.

मी पुढे मुंबईला गेलेच. नर्सिंग केलं, तिथेच नोकरी, तिथेच संसार, आणि निवृत्तीनंतर वाडीत परत. आई अजून आहे, कमरेत वाकलेली, पण जीभ ताठ. परवा घर आवरताना माचोळीवरून तो निळ्या पात्यांचा पंखा निघाला; देवळातून आणल्यापासून आईने तो कोणाला लावू दिला नव्हता. भंगारवाला दारात उभा होताच. मी म्हणाले, "आये, ह्यो देवन टाकतंय. मान कधीची मोडलेली आसा. त्या देवळातल्या दिवसापासूनच."

"मोडूक नव्हती," आई म्हणाली. ती कुळीथ निवडत होती, वर बघितलंही नाही. "खुंटी मीच वर ओढलेलंय."

मी पंखा फिरवून मागे बघितलं, खुंटी खरंच वर होती.

"तात्याची मानाची जागा देवाच्या उजवीकडे. वारो थंयच जावक होयो होतो. मान फिरली असती तर डावीकडची पण सुकली असती. मगे काय, लॉटरी?"

"पण आये, मुंबैक जावचा म्हणान घर डोक्यार कोण घेय होता? तूच मा?"

"माका खंय जावचा होता? माका नुसता म्हणूक होया होता." तिने एक खडा वेचून अंगणात फेकला. "तुझो बापूस मुंबैत लोकांच्या दारात उभो रवान सलाम ठोकतलो, ता माका बघवला नसता. तो मेलो असतो थंय. तो बसलो तो हयसरच, त्या पारार."

मी विचारलंच, "आणि माका जावचा होता, ता तुका दिसला नाय?"

आता तिने वर बघितलं. "दिसला तर! तुझो हात माझ्या हातात होतो, तू डावीकडे बघी होतंस. पण तू आज नाय तर उद्या आपल्या पायान जातलंस, ह्या माका ठावक होता. आणि गेलंसच. तुझ्या बापाशीक थंयसून परत कोण हाडतलो होतो?" मग तोच जुना हुकमी आवाज, "भंगारवाल्याक सांग, जा म्हणान. आणि तो फॅन लाव हय, केदो उकाडो आसा."

मी भंगारवाल्याला परत पाठवला. पंखा पुसला, तिच्यासमोर स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. खडखडला, थरथरला, आणि निळी पाती फिरायला लागली. सगळा वारा तिच्या अंगावर. तिने डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "ती खुंटी दाब गो. तुकाय लागांदे."